माहेरच्या वाटेवर बंद पडणारी एमजीबी

उद्यमनगरी | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिल्यांदाच धागा काढतेय, आणि तोही रडगाण्याचा.

मी इंग्लंडात स्विंडनला राहते. दीड वर्षापूर्वी १९७० सालची एमजीबी रोडस्टर घेतली. दोन सीट, कापडी टप, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे), तारांची चाकं. रंग गडद हिरवा. इथले लोक त्याला ब्रिटिश रेसिंग ग्रीन म्हणतात, आमचे हे पालकाची पातळ भाजी म्हणतात.

कोल्हापूरला उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे हात काळे करायची भीती नाही. गॅरेज मात्र एका गाडीपुरतंच. दार उघडं ठेवल्याशिवाय वाकता येत नाही, आणि दार उघडं ठेवलं की शेजारचे आजोबा चहा घेऊन सल्ला द्यायला येतात.

आतापर्यंत घरी केलेलं काम: ब्रेकचे होज आणि मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर बदलले. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस मारलं (दर ३००० मैलांना मारायचं असतं, आधीच्या मालकाने बहुधा सगळ्या निपलांवर रंगच मारला होता). पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या, कारण २०२१ च्या सप्टेंबरपासून इथे साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मग त्याला तडे जातात. टॅपेटची फट १५ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावली. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी पट्टी), त्याला जोडलेला कंडेन्सर, प्लग, रोटर, सगळं नवं.

आता दुखणं. स्विंडनहून ऑक्सफर्डच्या दिशेने ए४२० रस्त्याने निघायचं. साधारण वीस मिनिटं गाडी फुलासारखी चालते. श्रिव्हेनम मागे पडलं की दोन-तीन गचके खाते आणि मरते. मी घाबरून क्लच दाबते, कडेला घेते, बॉनेट उघडते, दहा मिनिटं थांबते. मग चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. पाच-सात मैलांनी परत तेच. असं चारदा झालं.

ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. तिला एकदा तिथवर न्यायचं एवढीच माझी हौस आहे. घरापासून तास-सव्वा तासाचा रस्ता. चारही वेळा अर्ध्यातून टोइंगवाल्याबरोबर परत आले.

कार्बोरेटर खोलू का?

चहाटळ | शनिवार, रात्री ११.०५

दादा, माहेरी जाताना रुसणारी पहिलीच सासुरवाशीण पाहिली. फोटो टाका. आणि एमजी म्हणजे ती हेक्टरवालीच ना?

उद्यमनगरी | शनिवार, रात्री ११.२०

दादा नाही, ताई.

नाव तेच, घर वेगळं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं विल्यम मॉरिसचं गाड्या विकायचं दुकान. तिथला मॅनेजर सेसिल किंबर याने साध्या मॉरिस गाड्यांवर वेगळी बॉडी चढवून त्या विकायला सुरुवात केली, त्यातून ही मेक झाली. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. आता नाव चिनी कंपनीकडे आहे आणि त्याच नावाखाली २०१९ पासून भारतात हेक्टर मिळते. माझ्या गाडीचा एकही नट तिला लागणार नाही.

फोटो उद्या.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८.१२

लक्षणं वाचून गरम होण्याशी संबंध वाटतो. वीस मिनिटांनी मरते, थंड झाली की चालू होते. माझा क्रम असा:

१. कंडेन्सर. गरम झाल्यावर दगा देणं हा त्याचा धर्मच.
२. कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती). तीच गोष्ट.
३. पेट्रोलची वाफ धरणं. एमजीबीत कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बरोबर डोक्यावर असतात, मध्ये फक्त एक पत्र्याची ढाल.
४. टाकीचं झाकण. हवा आत जायचं भोक बुजलं असेल तर टाकीत पोकळी होते आणि पंप ओढेनासा होतो. बंद पडल्यावर झाकण उघडून 'फुस्स' होतंय का ऐका.

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. तो बिचारा दिसतो म्हणून मार खातो.

लीड्सवाला | रविवार, सकाळी ९.३०

गोदाकाठ यांना +१. कंडेन्सर नवा आहे यावर भरवसा ठेवू नका. मी माझ्या ट्रायम्फ स्पिटफायर गाडीसाठी एका ठिकाणाहून मागवलेल्या तीनपैकी दोन आठवड्याभरात गेले. म्हणूनच सांगतो, पॉइंट-कंडेन्सर काढून टाका आणि डेल्कोच्या आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. अर्ध्या तासाचं काम. बाहेरून काही कळतही नाही.

मिरजमळा | रविवार, सकाळी १०.०२

डेल्को म्हणजे?

लीड्सवाला | रविवार, सकाळी १०.१०

डिस्ट्रिब्युटर, प्लगांना ठिणगी वाटून देतो तो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला डेल्कोच म्हणतात, मलाही तीच सवय. इथे दुकानात डेल्को मागितला तर माझ्याकडे बघत राहिले.

आबा पानेवाले | रविवार, दुपारी १.१५

ताई, मी पुण्यात पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. एमजीबी आयुष्यात दोनदाच पाहिली, पण तिचं इंजिन ओळखतो. आपल्या अँबॅसडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. तुमचं १७९८ सीसीचं त्याच घराण्यातलं, थोरलं भावंड म्हणा. पुढे १८०० इसुझू आलं, तो वेगळा वंश. तेव्हा या घराण्याची दुखणी थोडी ठाऊक आहेत.

पाना ठेवा खाली. आधी मला चार गोष्टी सांगा.

गाडी मरते तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो? गाडी गिअरमध्ये पळत असताना काटा झटकन शून्यावर पडतो, की हळूहळू उतरतो?

पेट्रोल पंपाचा टकटक आवाज त्या वेळी येतो का?

चढावर मरते की सपाटीवर?

आणि मेल्यावर दहा मिनिटं थांबता, ते का? लगेच चावी मारून पाहिली आहे का कधी?

उद्यमनगरी | रविवार, दुपारी ३.५०

आबा, काट्याकडे कधी पाहिलंच नाही. बंद पडली की आरशात मागचा ट्रक बघते. लगेच चावीही मारलेली नाही, कारण गरम झाली असं गृहीतच धरलं होतं. पुढच्या शनिवारी बघते. एकटी जाणार नाही, यांना शेजारी बसवून काट्यावर लक्ष ठेवायला सांगते.

पंपाचं आत्ता सांगू शकते. चावी फिरवली की मागच्या उजव्या चाकाजवळून टकटकटकटक येतं, मग मंद होत होत थांबतं. म्हणजे फ्लोट चेंबर (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या) भरले. इथवर ठीक ना?

आबा पानेवाले | रविवार, संध्या. ५.३०

ठीक. थांबतच नसता आणि सारखा वेड्यासारखा वाजत असता, तर पेट्रोल तरी संपलंय किंवा कुठेतरी हवा ओढतोय. अजिबात वाजला नसता तर त्याचे पॉइंट चिकटले. मग पान्याच्या मुठीने एक टोला.

मिरजमळा | सोमवार, सकाळी ११.२५

थोडं अवांतर. दोन कार्बोरेटर असतात तर दोन्ही सारखे चालतायत हे घरी कसं कळतं? काही मशीन लागतं का?

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९.१५

अवांतर कसलं, या गाडीतलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच आहे. मशीन नाही, रबरी नळीचा हातभर तुकडा लागतो.

इंजिन चांगलं तापवायचं. एअर फिल्टर काढायचे. दोन कार्बोरेटरांना जोडणारा जो दांडा आहे, त्याच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करायचे, म्हणजे दोघं स्वतंत्र झाले. आता नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी, तेवढ्याच अंतरावर आणि त्याच कोनात. ज्याचा आवाज मोठा तो जास्त हवा ओढतोय. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत दोन्ही आवाज एका पट्टीत आणायचे. तंबोऱ्याच्या तारा जुळवल्यासारखं. जुळले की क्लॅम्प आवळायचा.

मग मिश्रण. प्रत्येक कार्बोरेटरच्या खाली एक षट्कोनी नट असतो. तो खाली उतरवला की पेट्रोल जास्त, वर चढवला की कमी. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवायची, जास्त नाही. पाहायचं असं: बाजूची छोटी पिन वर ढकलली की आतला पिस्टन किंचित उचलला जातो. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बसायला लागलं तर कमी. क्षणभर वाढून परत जागेवर आले की बरोबर. नंतर दुसऱ्या कार्बोरेटरला तेच, आणि मग पुन्हा पहिल्याला, कारण एकाला हात लावला की दुसरा थोडा बिघडतोच.

आत पिस्टनला डॅम्पर असतो, त्याच्या नळीत पातळ ऑइल घालायचं. ते आटलं तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. लोक त्यासाठी आख्खा कार्बोरेटर खोलतात आणि असतं काय, तर दोन चमचे ऑइल.

एसयू हे स्किनर्स युनियनचं छोटं रूप. स्किनर घराणं बुटांच्या व्यापारातलं. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. घरचा माल!

चहाटळ | सोमवार, रात्री ९.४०

तंबोरा ऐकून डोळे पाणावले. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

फटफटी | मंगळवार, सकाळी ७.५५

मी बुलेटवाला, पण एक प्रश्न. पाने कुठले लागतात? आपले मिलिमीटरचे चालतात का?

आबा पानेवाले | मंगळवार, सकाळी ९.२०

नाही. या गाडीला इंचातले, एएफ पाने (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर हेच पान्याचं माप). अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसतो असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. तो जरासा फरक नटाचे कोपरे खातो, मग छिन्नी-हातोडा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या अँबॅसडरवर मी आधीच्या मेकॅनिकचे गोल केलेले नटच काढत बसायचो.

याहून जुन्या एमजी, टीसी आणि टीडी, त्यांची गंमत अजून वेगळी. त्या इंजिनाचा वंश हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीपर्यंत जातो, म्हणून आटे मिलिमीटरचे आणि नटांची डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्यांची. तसले नट बाजारात सहज मिळत नाहीत. जुना नट फेकायचा नाही, डब्यात ठेवायचा.

लीड्सवाला | मंगळवार, दुपारी १२.१०

आणि तारांच्या चाकांचा मधला नट. ताई, नवीन लोकांसाठी ते लिहा. माझ्या ओळखीत एकाने उजव्या बाजूचा नट काढतोय समजून तांब्याच्या हातोड्याने अर्धा तास आवळला.

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री ८.३०

खरंय. डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. लक्षात ठेवायला सोपं: चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने ठोकलं की नट सुटतो, दोन्ही बाजूंना. दिवसभर चालवून झाल्यावर परत एकदा ठोकून बघायचा.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ८.४०

पत्र्याची काय स्थिती? इंजिन कोणीही दुरुस्त करेल, खरा खर्च गंजाचा असतो असं वाचलंय.

उद्यमनगरी | बुधवार, रात्री १०.००

बरोबर वाचलंय. या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालचे सिल हेच हाडं. बाहेरून दिसतो तो पत्रा, आत उभा पडदा, खाली दातेरी आकाराची पट्टी, असे तीन थर आणि मध्ये पोकळी. पाणी शिरतं, बाहेरच्या रंगाला काही कळत नाही. रोडस्टरला डोक्यावर पत्र्याचा टप नसल्याने सगळा भार यांच्यावरच. मी घेताना एकच केलं होतं: एका बाजूने जॅकवर उचलली आणि दार उघडून-मिटून पाहिलं. घासलं नाही. घासलं असतं तर घेतली नसती.

वेल्डिंग मी करत नाही. तेवढं शिकायला माझी गाडी वापरणार नाही. पण पत्रा मिळतो सगळा. मूळ डायांवर १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनते. गाड्याच पाच लाखांवर बनल्या होत्या, त्यामुळे पार्ट्सची ददात नाही. एवढं सुख इथल्या दुसऱ्या जुन्या गाडीला क्वचितच असेल.

४० वर्षांवरच्या गाडीला इथे वार्षिक तपासणीही माफ आहे, पण मी करून घेते. माझ्या ब्रेककडे वर्षातून एकदा परक्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

आता शनिवारी जाऊन आले की लिहिते.

उद्यमनगरी | शनिवार, संध्या. ७.१०

आबा!! जाऊन आले. म्हणजे पोचले नाही, पण काय काय कळलं ते ऐका.

आधी टाकीचं झाकण सैल ठेवून निघाले. तरी मेली. गोदाकाठ, चौथा नंबर बाद.

मेली तेव्हा हे काट्याकडे टक लावून होते. गाडी चौथ्या गिअरमध्ये पळत असताना काटा ३००० वरून धाडकन शून्यावर. परत उसळला, परत शून्य. मग मी क्लच दाबला.

तुम्ही सांगितलं म्हणून कडेला न घेता, गाडी घरंगळतच असताना लगेच चावी मारली. चालू! दहा सेकंदसुद्धा झाले नसतील. म्हणजे दीड महिना मी रस्त्याच्या कडेला उभी राहून जी थंड करत होते, ती गरम झालेलीच नव्हती.

मग मी हट्टाला पेटले. ॲबिंग्डनचा नाद सोडला आणि ॲशबरीवरून डाउन्सच्या टेकड्यांवर चढणारा रस्ता धरला. पाय दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ओरडतंय. तापमानाचा काटा वर. एक गचका नाही! वर पोचून सपाट रस्त्याला लागले, पाय हलका केला, आणि मेली.

गावात का मरत नाही? गावात चक्रावणारे चौक (आमच्या गावात पाच छोट्या राउंडअबाउटांचा मिळून एक मोठा राउंडअबाउट आहे, १९७२ पासून लोकांना रडवतोय), सारखं दाब-सोड. स्थिर वेग पहिल्यांदा मिळतो तो वीस मिनिटांनी, ए४२० वर. वीस मिनिटांचा गरम होण्याशी काही संबंधच नव्हता.

आबा पानेवाले | शनिवार, रात्री ८.००

शाब्बास पोरी. सापडलं.

काटा धाडकन पडला म्हणजे पेट्रोल नाही, करंट. एमजीबीचा आरपीएम मीटर कॉइलच्या करंटवर चालतो. पेट्रोल संपलं असतं तर चाकांनी इंजिन फिरवत ठेवलं असतं, पॉइंट उघडझाप करत राहिले असते आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर उतरला असता.

आता चढावर चालते आणि सपाटीवर मरते, हे बघ. डेल्कोच्या बाजूला व्हॅक्युमचा डबा आहे. पाय हलका असला की कार्बोरेटरकडून व्हॅक्युम येतो, डबा आतली प्लेट ओढतो, टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडते. चढावर पाय दाबलेला असतो, व्हॅक्युम पडतो, प्लेट जागेवर. आयडलला पण जागेवर. प्लेट हलते ती फक्त आरामात चालताना.

त्या प्लेटवर पॉइंट बसलेत, आणि पॉइंटला करंट देणारी छोटी वायर प्रत्येक वेळी प्लेटबरोबर वाकते. पन्नास वर्षं वाकतेय. तू पॉइंट बदललेस, कंडेन्सर बदललास. ती वायर बदललीस का?

उद्यमनगरी | शनिवार, रात्री ८.०६

नाही. तिच्यावर कापडी वेष्टण आहे, छान दिसत होती.

आबा पानेवाले | शनिवार, रात्री ८.१५

वरून छानच दिसते. कॉइलकडची वायर काढ. मल्टिमीटरचं एक टोक डेल्कोच्या बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं आत पॉइंटच्या पट्टीला. बीप वाजेल. मग व्हॅक्युमची नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढ.

उद्यमनगरी | रविवार, सकाळी ११.३०

ओढली. बीप बंद. सोडली, बीप चालू. मी गॅरेजमध्ये हुक्का ओढावा तशी नळी ओढत बसलेय आणि दारात शेजारचे आजोबा चहा घेऊन उभे.

वायर काढून कापड सोललं. आत तांब्याचे सगळे केस तुटलेले, नुसते एकमेकांना टेकून होते. बोटभर लांबीची वायर! तिच्यापायी चारदा टोइंग झालं आणि मी कार्बोरेटर खोलणार होते.

आबा पानेवाले | रविवार, दुपारी १२.२०

नवी घालताना तशीच मऊ, बारीक केसांची, कापडी वेष्टणाची घे. साधी प्लास्टिकची वायर घातलीस तर ती पुन्हा लवकर तुटेल, आणि तोवर प्लेटलाही नीट हलू देणार नाही. प्लेटपासून बॉडीला जाणारी अर्थची वायर पण बघ, ती तिची जुळी बहीण.

लीड्सवाला | रविवार, दुपारी १.००

अभिनंदन! पण बघा, इलेक्ट्रॉनिक असतं तर हे झालंच नसतं.

आबा पानेवाले | रविवार, दुपारी १.२५

त्या मॉड्युलच्या वायरी पण त्याच हलत्या प्लेटवरूनच बाहेर येतात ना दादा?

लीड्सवाला | रविवार, दुपारी १.४०

येतात. मान्य. तरी पॉइंट घासत बसण्यापेक्षा बरं.

आबा पानेवाले | रविवार, दुपारी २.०५

पॉइंट हळूहळू मरतो, आधी कुरकुरतो. नखं घासायच्या कानशीने रस्त्यात साफ करून घरी येता येतं. मॉड्युल गेलं की गेलं. बसवा खुशाल, पण जुना पॉइंट-कंडेन्सरचा सेट डिकीत ठेवा.

आणि तिथले लोक गाड्यांचं इलेक्ट्रिकचं सामान बनवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या नावाने जे विनोद करतात, अंधाराचा राजा वगैरे, ते मला पटत नाहीत. मद्रासला १९६१ पासून ल्युकास-टीव्हीएस आहे, त्यांचा माल मी हयातभर लावला. दहातल्या आठ वेळा अर्थची वायर खराब असायची.

गोदाकाठ | रविवार, दुपारी ३.१०

माझे चारही अंदाज चुकले. धागा वाचनखूण केला आहे.

उद्यमनगरी | पुढचा रविवार, रात्री ९.००

मंडळी, पोचलो.

फॅरिंग्डन गेलं, काटा हलला नाही. ॲबिंग्डनला कारखान्याच्या जागी आता इंडस्ट्रियल इस्टेट आहे. शेजारच्या गल्लीत किंबर हाउस, एमजी कार क्लबचं ऑफिस. रविवार, त्यामुळे बंद. बाहेर उभी करून फोटो काढला, खाली टाकलाय. गाडीखाली जो काळा डाग दिसतोय तो तिनेच तिथे सोडलेल्या तेलाचा.

मिरजमळा | पुढचा रविवार, रात्री ९.२०

माहेराहून ओटी भरून पाठवली की नाही?

उद्यमनगरी | पुढचा रविवार, रात्री ९.४५

भरली की! फोटो काढत होते तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवत चालले होते, गाडी पाहून थांबले. त्यांच्याकडे पूर्वी एमजीबी होती. मी वायरीची गोष्ट सांगितली. ते "थांबा" म्हणून घरी गेले आणि एक खोकं घेऊन आले. त्यात एक जुना, न वापरलेला कंडेन्सर, आणि कापडी वेष्टणाच्या दोन वायरी. पैसे घेईनात. शेवटी डब्यातल्या चार शंकरपाळ्या घेतल्या, त्यातली एक कुत्र्याला दिली.